खुंट कंपनीचा, कलम तुमचं

प्रश्न: मॅडम, मी २३ वर्षांचा आहे, चिपळूणला राहतो. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या गेमच्या सिनारिओ एडिटरमध्ये, म्हणजे नवे मॅप बनवायच्या साधनात, मी उंबरखिंडीच्या लढाईचा मॅप बनवला. आठ महिने लागले. ट्रिगर, म्हणजे खेळात कधी काय घडायचं याच्या सूचना, माझ्या मित्रानं लिहिले. दोन वर्षं मॅप फुकट ठेवला होता. गेल्या दिवाळीत त्यात भर घालून ९९ रुपयांचा पॅक केला आणि यूपीआयवर पैसे घेऊन ४१ जणांना विकला. आता दोन भानगडी झाल्यात. एका गेमिंग कॅफेनं २०० रुपये प्रवेश फी लावून माझ्या मॅपवर स्पर्धा घेतली आणि माझं नाव काढून स्वतःचं टाकलं. दुसरं म्हणजे, मॅप सुरू होताना दिसणारं मावळ्यांचं चित्र मी इंटरनेटवरून घेतलं होतं. त्या चित्रकाराच्या वकिलांची नोटीस आली आहे: ७ दिवसांत ५ लाख द्या, नाहीतर फौजदारी. मॅप माझा आहे की नाही? कॅफेवर केस करू का? मला अटक होईल का? घरी अजून सांगितलेलं नाही.
— अ. श., चिपळूण

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमची झोप त्याच्यामुळेच उडाली असणार.

नोटीस म्हणजे वॉरंट नाही. ते एका वकिलानं आपल्या अशिलाच्या वतीनं लिहिलेलं पत्र आहे. त्यातले ७ दिवस आणि ५ लाख हे दोन्ही आकडे त्यांच्या ऑफिसात ठरलेले आहेत, कोर्टात नाही. आम्ही वकील मागताना नेहमीच हात सैल सोडून मागतो, हे आमच्याच धंद्याचं गुपित सांगून टाकते. पण म्हणून नोटीस टेबलाच्या खणात टाकू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ‘निट प्रो’ प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. त्याच वेळी, ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, आधी अटकेची गरज तपासायची, हा दंडक २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानं घालून दिला आहे. वेळ आलीच तर अटकपूर्व जामिनाचा मार्गही खुला असतो. तेव्हा उद्या सकाळी दारात जीप उभी राहील, अशी भीती बाळगायचं कारण नाही.

आता त्या कलमातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द नीट बघा. नोटीस हातात पडेपर्यंत ‘चित्र कुणाचं आहे ते मला ठाऊक नव्हतं’ असं म्हणायला तुम्हाला थोडी तरी जागा होती. नोटिशीची पोच दिल्यापासून ती जागा संपली. चित्र अजून मॅपमध्ये असेल, तर आजचा प्रत्येक तास तुमच्या विरोधात मोजला जातोय. हे उत्तर पुढे वाचायच्या आधी ते काढा आणि जिथं जिथं मॅप चढवला आहे तिथं नवी आवृत्ती टाका. काढण्याआधी आणि काढल्यानंतर पडद्याचे फोटो तारखेसह घेऊन ठेवा.

‘गूगलवर सापडलं’ हा परवाना होत नाही. मावळे कुणाच्या मालकीचे नाहीत, सतरावं शतक कुणाच्या मालकीचं नाही. पण आज एखाद्यानं कुंचला हातात घेऊन काढलेला मावळा त्या चित्रकाराच्या मालकीचा, तो हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं. खाजगी वापराची सवलत कायद्यात आहे, कलम ५२ मध्ये. ती तुमच्या स्वतःच्या संगणकापुरती. जगाला वाटलेल्या फाईलला ती पुरत नाही.

आणि इथंच तुमचे ९९ रुपये आडवे येतात. उल्लंघन व्यापारी फायद्यासाठी नसेल, तर कारणं नोंदवून कैद आणि दंड कमी करायची मुभा कलम ६३ न्यायाधीशांना देतं. दोन वर्षं मॅप फुकट होता, तोवर ती ढाल तुमच्या हातात होती. दिवाळीत ४१ जणांकडून ४,०५९ रुपये घेतलेत आणि ढाल स्वतःच खाली ठेवलीत. बरं, चार हजारांत तुमचा आठ महिन्यांचा विजेचा खर्च तरी निघाला का?

९९ रुपयांनी दुसरीकडेही घोळ केला आहे. त्यासाठी मॅप कुणाचा, या प्रश्नाकडे यावं लागेल.

तुम्ही कोकणातले आहात, तेव्हा हे चटकन कळेल. हापूसचं कलम बांधताना खुंट रायवळचा असतो, वरची काडी हापूसची. आंबा लागतो तो काडीचा, पण खुंट उपटला तर काडी उभी राहत नाही. मॅप आणि मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये खेळाडूनं केलेले बदल, हे असंच कलम आहे. खिंड कुठं अरुंद करायची, झाडीत कोण लपणार, मुघल सरदार कारतलबखानाची फौज खिंडीत शिरल्यावर वरून दगड कधी सुटणार, त्याच्यासोबतच्या सरदारीण रायबागनचा संवाद कुठं येणार, हे सगळं तुमचं. ते कायद्याच्या भाषेत मौलिक आहे आणि बनवलंत त्या क्षणी कॉपीराइट तुमचा झाला. नोंदणी लागत नाही. ती सक्तीची नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ च्या ‘संजय सोया’ निकालात विस्तारानं सांगितलं आहे. पण घोडेस्वार, झाडं, कडे, आवाज आणि खेळाचं इंजिन हा खुंट गेमच्या मालक कंपनीचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा. तो तुम्हाला वापरायला दिला आहे तो त्यांच्या गेम कंटेंटच्या नियमांखाली. त्या नियमांचा गाभा एवढाच, की हौसेनं करा, वाटा, पण विकू नका. आणि दिलेली परवानगी आम्ही कधीही मागे घेऊ शकतो.

‘माझ्या फाईलमध्ये त्यांचं एकही चित्र नाही, फक्त कुठं काय ठेवायचं एवढंच लिहिलंय,’ असं तुम्ही पत्रात म्हटलं आहे. मुद्दा हुशारीचा आहे, पण जुना आहे. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या गेमचे खेळाडूंनी बनवलेले ३०० लेव्हल्स गोळा करून ‘मायक्रो स्टार’ नावाच्या कंपनीनं सीडीवर विकले. त्यांनी कोर्टात नेमकं हेच सांगितलं. १९९८ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं ते मानलं नाही. लेव्हल म्हणजे त्याच नायकाची पुढची गोष्ट, आणि पुढची गोष्ट विकायचा हक्क मूळ मालकाचा, असं ते म्हणाले. तिथंही मूळ कंपनीनं लेव्हल बनवायला मोकळीक दिलेली होती, विकायला नव्हती. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण असा वाद इथं उभा राहिला तर समोरचा वकील पहिल्यांदा हाच कागद पुढे करेल. मीही तेच केलं असतं.

तेव्हा विक्री बंद. ४१ जणांना यूपीआयनं पैसे परत करा, प्रत्येकाला एका ओळीचा निरोप पाठवा आणि बँकेचा उतारा जपा. मायक्रोसॉफ्ट ९९ रुपयांसाठी चिपळूणला वकील पाठवेल असं मला वाटत नाही. पण कॅफेवाल्याशी भांडायला उभे राहाल, तेव्हा तो पहिलं बोट याच पॅककडे दाखवेल. दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागणाऱ्यानं स्वच्छ हातांनी यावं लागतं, आणि सध्या तुमच्या हातांना थोडा रंग लागलाय. मॅपमधून कमावायचंच असेल, तर आधी कंपनीची लेखी परवानगी हवी. याच गेमच्या हौशी मंडळींनी बनवलेला एक मोठा मॉड २०१३ मध्ये ‘द फरगॉटन’ या नावानं अधिकृत झाला, तो कंपनीच्या सहीशिक्क्यानंच.

आता कॅफे. त्यांच्या स्पर्धेच्या व्हिडिओतले जे फोटो तुम्ही पाठवलेत, ते मी भिंग लावून पाहिले म्हटलं तरी चालेल. उंबरखिंडीची लढाई १६६१ ची. तिच्यावर कुणीही मॅप करावा. कल्पनेवर आणि इतिहासावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ च्या आर. जी. आनंद निकालातच सांगून ठेवलंय. कॅफेवाला हाच बचाव घेईल. पण तुम्ही एका संदेशात ‘कारतलबखान’ऐवजी ‘कारतबलखान’ टंकलं होतं, आणि त्यांच्या पडद्यावरही खान ‘कारतबल’च आहे! शिवाय वरच्या कोपऱ्यात, जिकडे कुणी खेळाडू फिरकत नाही, तिथं तुम्ही आजीच्या वाडीची आठवण म्हणून चार झोपड्या आणि एक विहीर ठेवलीत. त्यांच्या मॅपमध्ये चारही झोपड्या जागच्या जागी आहेत. इतिहास सगळ्यांचा असेल, आजीची विहीर नाही. ती टंकनचूक आता सुधारू नका. जुन्या फाईलची प्रत आहे तशी वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, अपलोडच्या तारखेचं पान उतरवून घ्या. कोर्टात हा पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, फाईलच्या हॅशसकट, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या अक्षर-आकड्यांच्या ठशासकट. (दोन्ही कायद्यांत कलम ६३च यावं, हा तुमच्या नशिबाचा विनोद.)

पण कॅफेकडून काय मागायचं, यात मी तुमच्यापेक्षा वेगळा विचार करते. तुम्हाला प्रवेश फीतला वाटा हवाय. मायक्रोसॉफ्टच्या नियमांत असंही आहे, की खेळाच्या विश्वात भर घालून ती वाटलीत, तर कंपनीला आणि इतर खेळाडूंना ती फुकट वापरायचा परवाना तुम्ही दिलात. कॅफेचा वकील वाचणारा असेल तर ही ओळ शोधेल आणि पैशाची मागणी लटकेल. नावाची मागणी लटकणार नाही. कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क कॉपीराइट देऊन टाकला तरी उरतो. परवान्यानं तो जात नाही. म्हणून नोटिशीत मागा: तुमचं नाव परत टाकणं, त्यांच्या पानावर तसा खुलासा, आणि पुढच्या स्पर्धेआधी लेखी विचारणा. माझ्या अनुभवात नावासाठी पाठवलेली नोटीस लवकर मिटते, कारण समोरच्याला खिशात हात घालावा लागत नाही. नाहीच मिटली, तर कलम ६२ मुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यातल्या न्यायालयात दावा लावता येतो. कॅफे ज्या शहरात आहे तिथं खेटे घालायची गरज नाही.

मात्र क्रम चुकवू नका. आधी चित्र, मग परतावा, मग चित्रकाराला उत्तर, मग कॅफे.

चित्रकाराच्या वकिलांना तुम्ही व्हॉट्सॲपवर ‘सर चुकलं, माफ करा, किती द्यायचे ते सांगा’ असं पाठवून बसला आहात. यापुढे एक अक्षरही स्वतः पाठवू नका. आमच्याकडे येऊन रडणारे बहुतेक अशील आधी असा एक निरोप पाठवूनच आलेले असतात. तुमच्या वकिलाकडून उत्तर जाऊ द्या: चित्र अमुक तारखेला काढलं, विक्री थांबवली, विकलेल्या प्रती ४१, रक्कम ४,०५९, ती परत केली; हक्क मान्य किंवा अमान्य न करता, वाजवी रकमेवर बोलायची तयारी आहे. चित्रकारालाही पोट आहे. त्याचं चित्र परवान्यानं वापरलं असतंत तर जे द्यावं लागलं असतं, त्याच्या आसपास तडजोड होणं योग्य ठरेल. ५ लाख मात्र नाहीत.

मित्राचं राहिलं. ट्रिगर त्यानं लिहिले, म्हणजे तेवढा भाग त्याचा आहे. ‘घे रे, वापर’ एवढ्यावर तुम्ही दोन वर्षं चालवलंत. ‘वॉरक्राफ्ट ३’ मधल्या ‘डोटा’ मॅपच्या पहिल्या कर्त्यानं २००४ मध्ये असंच मोकळ्या मनानं लिहिलं होतं, की कुणीही याची पुढची आवृत्ती काढावी. त्या दोन ओळींचा अर्थ काय, यावर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात कंपन्या भांडत होत्या. तुमचं प्रकरण तिथवर जाणार नाही, पण मित्राशी बोलणं आहे तोवर एक पान लिहून घ्या: कुठला भाग, कुठला हक्क, किती वर्षं, कुठल्या देशात, आणि खाली त्याची सही. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मॅप इंटरनेटवर असताना फक्त भारत धरून भागणार नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही हळूच विचारलंय, की ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ हा याच गेमचा वेगळा विकला जाणारा भाग विकत न घेता त्यातल्या सेना वापरता येतील असा मॉड वाटला तर चालेल का. नाही. असं डिजिटल कुलूप तोडणाऱ्यांसाठी कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ वेगळं ठेवलेलं आहे, आणि तुमच्या फाईलमध्ये आधीच पुरेशी कलमं जमली आहेत.

नोटिशीचं पाकीट, मॅपची जुनी फाईल आणि बँकेचा उतारा घेऊन याच आठवड्यात जवळच्या वकिलाकडे जा. नोटिशीच्या ७ दिवसांतले किती उरलेत ते पाकिटावरच्या तारखेवरून मोजा. आणि जायच्या आधी घरी सांगा. पुढचं पाकीट स्पीड पोस्टानं येईल तेव्हा तुम्ही घरी नसाल, आणि पोस्टमन ते तुमच्या वडिलांच्या हातात देईल.