तलावातल्या विषारी शेवाळाशी बॅक्टेरियांचा काय संबंध?

तलावात विषारी शेवाळ माजतं, त्यात बॅक्टेरियांचा काय वाटा, असं तुम्ही विचारलंय. मुळात ते बहुतेकदा शेवाळ नसतंच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर स्वतःचं अन्न बनवणारे बॅक्टेरियाच असतात.

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या ईरी सरोवराचं बघा. त्याचा पश्चिम भाग उथळ, उन्हाळ्यात लवकर तापणारा. मॉमी नदी शेतांतलं फॉस्फरस तिथे आणून ओतते. पाणी कोमट झालं, वारा पडला, की मायक्रोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाचं फावतं. त्याच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, म्हणून तो वर तरंगतो आणि उजेड अडवतो. असं पाणी बरणीत भरून न हलवता ठेवलं, तर थोड्या वेळाने वर हिरवी साय धरलेली दिसेल. ऑगस्ट 2014 मध्ये त्याच्या विषामुळे सरोवराकाठच्या टोलेडो शहराच्या परिसरातल्या 4 लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. हे विष उकळूनही जात नाही!

बाकीचे बॅक्टेरिया काय करतात? तळाशी मेलेल्या पेशी कुजवताना ते ऑक्सिजन संपवतात. मग गाळात लोहाला धरून बसलेलं फॉस्फरस सुटतं आणि सायनोबॅक्टेरियाच्या पुढच्या पिकाला आयतं खत मिळतं. काही जाती मात्र हेच विष तोडून त्यावर जगतात, आणि मला खरी आशा त्यांच्याबद्दल वाटते.

तुमच्याकडच्या तलावावर रंग सांडल्यासारखी हिरवी साय दिसली, तर पोहू नका आणि गुरांनाही ते पाणी पाजू नका.