दिवसाची वीज, सौर पंप आणि गावाचे गायरान

प्रश्न : आमच्या उपकेंद्राजवळ मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा प्रकल्प होत आहे. माझ्या विहिरीवर 5 अश्वशक्तीच्या पंपाची वीजजोडणी आहे. भावाच्या तीन एकरांत विहीर आहे, पण जोडणी नाही. आम्ही प्रकल्पाची वाट पाहावी, की दोघांनीही सौर पंपासाठी अर्ज करावा?
— एक शेतकरी, वैजापूर तालुका

उत्तर : तुम्ही वाट पाहावी आणि भावाने अर्ज करावा, असे आमचे मत आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना मुळात पारंपरिक वीजजोडणी नसलेल्यांसाठी आहे, त्यामुळे तुमचा अर्ज तेथे टिकणार नाही. भावाला अडीच ते पाच एकरांच्या गटात 5 अश्वशक्तीपर्यंतचा पंप मिळू शकतो. त्यासाठी सर्वसाधारण गटाला किमतीच्या 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना 5 टक्के हिस्सा भरावा लागतो. मात्र हा पंप उन्हावरच चालतो. आभाळ भरून आले की पाण्याची धार बारीक होते आणि सूर्य मावळल्यावर पंप बंदच राहतो, हे धरूनच त्यांनी पाळ्या ठरवाव्यात.

तुमची गोष्ट वेगळी आहे. 2017 मध्ये आखलेल्या आणि 2023 पासून दुसऱ्या टप्प्यात विस्तारलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेत प्रकल्पाची वीज थेट शेतात येत नाही; ती उपकेंद्रात जाते आणि तेथून शेतीसाठी वेगळ्या काढलेल्या वाहिनीवर दिवसा सोडली जाते. या टप्प्यातला पहिला, 3 मेगावॅटचा प्रकल्प तुमच्याच तालुक्यात धोंदलगाव येथे सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाला. तेथील शेतकऱ्यांना प्रत्यक्ष भेटून पुरवठ्याच्या वेळा विचाराव्यात. तुमचा पंप, तारा आणि रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आहे तेच राहील, आणि ढगाळ दिवशी ग्रीडची वीज मदतीला येईल. रात्रीच्या पाळीला पिकाला पाणी देण्यासाठी दारे धरताना साप आणि बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरणाऱ्या माणसाला दिवसाची वीज मिळणे, हेच आम्हाला या योजनेचे सर्वांत मोठे मोल वाटते. अडचण एकच राहते : रोहित्र जळाले, तर उपकेंद्रात कितीही वीज असली तरी तुमचा पंप थांबेल. म्हणून वाहिनीवरच्या सर्वांनी मिळून रोहित्रावरील जादा भाराचा प्रश्न आताच लेखी मांडावा.

प्रश्न : अशा प्रकल्पासाठी गायरान दिले, तर गावाच्या पदरात काय पडते?
— एक ग्रामपंचायत सदस्य

उत्तर : दुसऱ्या टप्प्यात ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी 5 लाख रुपये देण्याची तरतूद आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते, म्हणजे मध्यम प्रकल्पातही चराऊ जमिनीचा मोठा तुकडा जातो, आणि तो ज्यांच्या शेळ्या-गुरांचा आधार असतो त्या भूमिहीन कुटुंबांना त्या पैशातून चारा मिळेलच असे नाही. सार्वजनिक जमिनी सामुदायिक वापरासाठी राखाव्यात, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये दिला आहे. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ मिळत असल्यामुळे, उपकेंद्राजवळ पडीक जमीन असलेले मालक आधी शोधावेत. तशी जमीन नसेल, तरच गायरानाचा विचार व्हावा, आणि तेव्हाही गुरे कोठे चरतील हे ठरावात लिहून घेतल्याशिवाय ग्रामसभेने मान्यता देऊ नये.