वीस वर्षांपूर्वीच्या खुनाचा गुन्हा आता दाखल होतो का, की मुदत संपते?

मुदत संपत नाही, कारण खुनाला मुदतच नाही. ज्या गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांच्या वर जाऊ शकते, त्याला फौजदारी कायद्याने मुदत घातलेली नाही. 'बारा वर्षं झाली की सगळं मिटतं' म्हणणारे जमिनीच्या कब्ज्याचा नियम माणसाच्या जिवाला लावतात.

मुदत होती ती निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला, आणि आमचं घर तिथेच फसलं. 2009 साली माझ्या धाकट्या भावाला रात्री एका गाडीने उडवलं. 304अ चा गुन्हा नोंदला गेला, पण गाडी सापडली नाही. 'ए समरी' (गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही असा पोलिसांचा अहवाल) होऊन फाइल बंद झाली. 2014 मध्ये एका गॅरेजवाल्याने आबांना सांगितलं, त्या रात्री फुटलेल्या काचेचा टेम्पो घेऊन कोण आलं होतं ते. टेम्पो भावकीतलाच निघाला. आबा चपला घालून पोलीस ठाण्यात निघाले होते. थोरल्या काकांनी त्यांना ओसरीवरच अडवलं. "तीन वर्षांची मुदत कधीच गेली. आता भावकीत वैर कशाला?" आबा जे खाली बसले ते बसलेच.

2018 मध्ये एका वकीलबाईंनी मला फौजदारी प्रक्रिया संहितेचं 469 कलम वाचून दाखवलं. गुन्हा कुणी केला हे माहीत नसेल, तर ते कळलं त्या दिवसापासून मुदत मोजायची. म्हणजे आमची तीन वर्षं 2014 ला सुरू झाली होती आणि काकांच्या शब्दाखातर 2017 ला संपली. उशीर माफ करायचा अधिकार 473 खाली कोर्टाला असतो, पण तोवर गॅरेजवाला वारला होता. काका अजून म्हणतात, मी घर राखलं. माझ्या मते त्यांनी टेम्पोवाल्याला राखलं.

तेव्हा मुदतीचं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारू नका, वकिलाला विचारा. नाव कळलं ती तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.

मुदत नाही म्हणजे खटला टिकेलच असं मात्र नाही, वीस वर्षांत साक्षीदार उरत नाहीत. शिवाय 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झालेत आणि कलमांचे आकडे बदललेत. निष्काळजीपणाच्या मृत्यूला आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून त्यालाही मुदत उरली नाही. उपचारात चूक केलेल्या डॉक्टरांना मात्र दोनच वर्षांपर्यंत शिक्षा, त्यामुळे तिथे तीन वर्षांची मुदत आहेच. आणि जुन्या घटनेला शिक्षा जुन्याच कायद्याने होते, म्हणून माझ्या भावाला या बदलाचा काही उपयोग नाही.