पगार नको म्हणता, मग खाता काय?

आर्वीकडून बी.कॉम. थर्ड इयरच्या एका पोराचं पत्र आलंय. पाच मित्रांनी मिळून गावातल्या जुन्या कापसाच्या गोडाऊनमध्ये फुकट अभ्यासिका चालवलीय, सोबत फवारणी पंप, ताडपत्र्या असं सामान कोणालाही वापरायला ठेवलंय. अध्यक्ष नाही, सचिव नाही, सगळं एकमतानं, कारण आम्ही अनार्किस्ट म्हणजे अराजकवादी, कोणी कोणाचा साहेब नको. आता एक पुढारी कूलर द्यायला तयार आहे, पण बॅनर लावा म्हणतो. पुण्याचा एक जण सीएसआरचा (कंपन्या समाजकामाला देतात तो) पैसा मिळवून देतो म्हणतो. पाचातले दोघं म्हणतात पैशाला हातच लावायचा नाही. आणि घरी बाबा रोज विचारतात तलाठीचा फॉर्म कधी भरतोस. "सर, यातच राहून पोट भरता येते का?"

भाऊ, सरळ सांगतो, यातून पोट भरत नाही, आजवर फारसं कोणाचं भरलेलं नाही आणि त्यात लाजायसारखं काही नाही. मालातेस्ता हा इटलीचा एवढा मोठा अराजकवादी, लंडनमध्ये इलेक्ट्रिशियनचं काम करायचा आणि म्हातारपणी रोममध्येही तेच. एमा गोल्डमन, तीही अराजकवादी, तिनं अमेरिकेत आईस्क्रीमचं दुकान चालवलं, नर्सिंग केलं, १९०६ ला मासिक काढलं तर त्याचा खर्च बराचसा तिच्या भाषणांच्या दौऱ्यांतून निघायचा. रशियाचा अराजकवादी क्रोपोटकिन जन्मानं राजपुत्र पण इंग्लंडमध्ये विज्ञानावर लेख लिहून घर चालवायचा. आणि आपल्याकडचं बघायचं तर एम.पी.टी. आचार्य, मद्रासचे, जगभर फिरून अराजकवादी झाले, मुंबईत परतले, परदेशातल्या पेपरांना लिहीत राहिले, चित्रकार बायको १९५१ ला गेली आणि १९५४ ला हे गरिबीतच गेले. ज्याच्या हातात धंदा होता तो टिकला, नुसत्या चळवळीच्या लिखाणावर राहिला त्याचे हाल झाले, बाकी तू समजून घे.

आता त्या दोघांबद्दल, जे पैसा नकोच म्हणतात. एक विचारतो, राग मानू नको, त्यांच्या घरी ओलीत आहे का? मी हे लय ठिकाणी पाहिलंय, बिनपगारी कामाला सुरुवातीला सगळे येतात, मग सोयाबीन कापायचा टाइम येतो, कापूस वेचायला घरी माणूस लागतो, कोरडवाहूवाल्याचं पोट्टं मजुरीला जातं नाहीतर पुण्याला कंपनीत, आणि मागे राहतो तो ज्याच्या बापाची विहीर आहे. वर्षभरात चावी त्याच्याकडे, निर्णय त्याचा, आणि तुम्ही म्हणता आमच्यात साहेब नाही. पगार न घेणं ही ज्याला परवडते त्याची चैन आहे, म्हणून जे काम तासाला बांधलेलं आहे (उघडणं, झाडणं, पुस्तकांची नोंद, पंपाची दुरुस्ती) त्याला थोडे का होईना पैसे द्या, सगळ्यांना एकच दर, आणि ते भिंतीवर लिहून टाका. मीटिंगला, गप्पांना पैसे नाहीत.

पण पैसा आणायचा कुठून? तुमच्याच जिल्ह्यातल्या पवनारच्या विनोबांनी १९५६ मध्ये भूदानाच्या कामाला गांधी स्मारक निधीतून येणारा पैसा बंद केला, भूदान समित्या पण मोडून टाकल्या, निधीमुक्ती आणि तंत्रमुक्ती. ऐकायला भारी वाटतं, पण त्यानंतर कित्येक ठिकाणी काम थंडावलं, कारण कार्यकर्त्यालाही चूल असते. याउलट गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव बघ. निर्णय तिथेही एकमतानंच, "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांचीच, पण पैशाला ते भ्यायले नाहीत. वनहक्क कायद्याखाली २००९ ला जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली, तोडणाऱ्याला मजुरी मिळते, गावाचा ग्रामकोष वेगळा आणि हिशोब सगळ्यांसमोर. मला विचारशील तर शिकायचं ते यांच्याकडून. एकदा जाऊन ये, धानोरा तालुक्यात आहे.

तुमच्याकडे बांबू नाही पण पंप आणि ताडपत्र्या आहेत ना, त्यावर दिवसाचं नाममात्र भाडं लावा, ज्याच्याकडे पैसे नसतील त्याला माफ. अभ्यासिका फुकटच राहू द्या, फक्त दारात डबा ठेवा आणि सुगीत दाळ-दाणा मागायला लाजू नका. पुढाऱ्याच्या कूलरला नाही म्हणा, निवडणूक आली की तो गोडाऊन मागेल. सीएसआरचं तर तुमच्या हातातच नाही सध्या, त्याला नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी नाहीतर कलम ८ ची कंपनी लागते, वर आयकराच्या बारा-ए, ऐंशी-जी नोंदण्या आणि तीन वर्षांचं काम दाखवा. सोसायटी नोंदवायला सात जण लागतात, तुम्ही पाच, आणि नोंदवली की अध्यक्ष-सचिव लिहावे लागतातच, कागदावर लिहा आणि दर वर्षी बदला, आभाळ कोसळत नाही. कोणाचा अमेरिकेचा नागरिक झालेला मावसभाऊ पैसे पाठवतो म्हणाला तर थांबवा, संस्थेसाठी परदेशी देणगी एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) खाली नोंदणी किंवा आधी परवानगी असल्याशिवाय घेता येत नाही. आणि सगळा पैसा एकाच्या फोनपेवर नको, भांडणं तिथूनच सुरू होतात. अजून पाच जण जोडले तर बचत गट म्हणून खातं निघतं, त्याला नोंदणीची सक्ती नाही.

तुझ्या पोटाचं आता. तू बी.कॉम. आहेस हे तुझ्या मित्रांना अजून कळलेलं दिसत नाही! शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गटांचे प्रभागसंघ, तेंदू-बांबू विकणाऱ्या ग्रामसभा, सगळ्यांना टॅली आणि जीएसटी नीट येणारा माणूस हवा असतो आणि खेड्यात राहायला तयार असा सीए भेटत नाही. टॅली पक्कं कर, आर्वीतल्या एखाद्या कर सल्लागाराकडे वर्षभर काम कर, मग दोन-तीन ठिकाणची कामं घेऊन आठवड्याचे तीन-चार दिवस कमव आणि उरलेले गोडाऊनला. पहिल्या वर्षी पैसे कमीच मिळतील, हे घरी आधीच सांगून ठेव.

बाबांशी वाद नको घालू, अनार्किझम समजावायला तर बसूच नको. पदवी हातात आली की तलाठीचा फॉर्म भर, अभ्यासिका तुझ्याकडेच आहे, परीक्षा दे, निघाली तर निघाली, नाही निघाली तरी बाबांचं मन राहते. महिन्याला घरात किती देणार तो आकडा मात्र आजच सांग आणि दर महिन्याला दे.

आणि हो, गोडाऊनचं लाईट मीटर कोणाच्या नावावर आहे आणि भाडेपट्टा आहे की नुसतं तोंडी, ते पत्रात लिहिलं नाहीस, ते आधी बघून कळव.