सहा रेषा गेल्या कुठे?

प्रश्न: सर, मी एमएस्सी करतेय, आयर्न ऑक्साइडची नॅनो पावडर बनवली. चुंबक लावला की खेचली जाते, पण मॉसबावर स्पेक्ट्रममध्ये (लोखंडाच्या अणुकेंद्रांनी गॅमा किरण कुठे शोषले ते दाखवणारा आलेख) चुंबकीय सँपलला येतात तशा सहाच्या जागी दोनच रेषा आल्या, सँपल बिघडलं का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: अगं, घाबरू नकोस, बहुतेक तुझे कण छान बारीक झालेत! कण साधारण १० नॅनोमीटरचा झाला की त्याचं चुंबकत्व रूमच्या उष्णतेनेच सारखं उलटसुलट होत राहतं, आणि आपण बघतो लोखंड-५७ (लोखंडाचा एक समस्थानिक) च्या अणुकेंद्रातून, सहा रेषा पाडणारं चुंबकीय क्षेत्र त्याला जाणवायला सेकंदाचा साधारण दहा कोटीवा भाग तरी लागतो, तेवढ्यात दिशा कित्येकदा पलटली तर सरासरी शून्यच ना, मग सहा रेषा कुठून दिसणार. याला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. बाहेरून चुंबक लावला की सगळे एका दिशेला वळतात, म्हणून पावडर खेचली जाते.

पण लगेच खूश होऊन रिपोर्ट लिहू नको हं. चुंबकीय नसलेलं लोखंडाचं संयुग मिसळलं असेल तरी दोन रेषा येतात. सँपल ७७ केल्विनला (द्रव नायट्रोजनचं तापमान) थंड करून परत बघ, कण फारच बारीक असतील तर ४.२ केल्विनला (द्रव हेलियमचं); थंडीत ही उलटापालट मंदावते. सहा रेषा परत आल्या की समज, बहुतेक कणच बारीक होते.