रक्तातच आहे का हे?

प्रश्न : वय 20, सातपूरच्या कंपनीत ट्रेनी आहे. वडील दारू पिऊन आईला मारायचे. आपण असं वागायचं नाही, हे दहावीतच ठरवलं होतं. गेल्या महिन्यात मैत्रिणीचा मोबाइल हिसकावला. तिनं परत मागितला तेव्हा दोन थोबाडीत दिल्या. नंतर खूप रडलो, तिनं माफ केलं. हे माझ्या रक्तातच आहे का?

उत्तर : नाही. घरात मारहाण पाहिलेल्या मुलांना हा धोका जास्त असतो खरा, पण त्यांतली बहुतेक मुलं पुढं हात उगारत नाहीत. आधी एक तपासा. सुपरवायझर चारचौघांत पाणउतारा करतो, तेव्हा हात उठतो का? उठत नसेल तर राग तुम्हाला आवरता येतो. फक्त तिच्यासमोर आवरायची गरज वाटत नाही. कटू आहे, पण सुटकेची वाटही इथूनच जाते.

सुरुवात थोबाडीतीपासून झालेली नाही, मोबाइलपासून झाली. पासवर्ड माग, लोकेशन माग, ‘कुणाशी बोलत होतीस’ विचार, हे आधी बंद करा. तुमचं रडणं खरं असेल; पण माफी मिळाली की विषय मिटल्यासारखा वाटतो, चार दिवस गोडीचे जातात आणि ताण पुन्हा साचतो.

आता कृती. दात आवळले जाणं, आवाज चढणं, ‘ही मला मुद्दाम डिवचते’ हा विचार, यांतली तुमची पहिली खूण कोणती ते ओळखा. ती दिसताच ठरलेलं एकच वाक्य बोला, ‘माझं डोकं तापलंय, तासाभरात येतो’, आणि बाहेर पडा. हे वाक्य शांत वेळी तिला आधीच सांगून ठेवलेलं हवं. न सांगता निघून गेलात तर तीही शिक्षाच होते. गाडीला किक मारू नका, दारू नको. त्र्यंबक रोडनं पायी चाला. शरीर निवायला किमान वीस मिनिटं लागतात, आणि भांडण मनात घोळवत राहिलात तर तासानंही निवत नाही. उशीवर ठोसे मारून राग ‘काढायचा’ सल्ला मित्र देतील. त्यानं तो वाढतो. सांगितलेल्या वेळी परत या आणि आधी तिला बोलू द्या. इथंच बहुतेक जण चुकतात : अवघड विषय निघाला की बाहेर पडायचं आणि परत आल्यावर तो काढायचाच नाही.

दोघांनी मिळून समुपदेशकाकडं जाऊ नका. मार खाल्लेली व्यक्ती मारणाऱ्यासमोर मोकळं बोलत नाही. तुम्ही एकटे जा. सुरुवातीला टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, पुरेसं आहे; मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. आणि तिनं ‘बस्स’ म्हटलं तर तिथं थांबायचं. नको म्हटल्यावरही सतत फोन करणं, मागं फिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे.

प्रश्न : पंचवटीत राहते. शेजारचा तेरा वर्षांचा मुलगा वडिलांचा पट्ट्यानं मार खातो आणि गल्लीत लहान पोरांना मारतो. त्याच्या वडिलांना जाऊन बोलू का, ताई?

उत्तर : नको. तुम्ही दुपारी बोललात की रात्री वसूल होतं, तेही पोराकडून. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा. तुमचं नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. फोनआधी तारीख, वेळ, वळ कुठं दिसले, काय ऐकू आलं, एवढं वहीत लिहून ठेवा. ‘नेहमीच मारतात’पेक्षा त्याचा उपयोग जास्त. पुढचं बालकल्याण समिती पाहते. बाल न्याय कायद्याच्या कलम 75 खाली ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणा करणाऱ्या पालकावरही गुन्हा नोंदवता येतो. मारहाण चालू असताना मात्र थेट पोलिसांना, 112 वर.

मुलाला ‘बाबांनी मारलं ना?’ असं विचारू नका, ‘काय झालं रे?’ एवढंच. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका; ते मोडावं लागेल. तो लहानांना मारत असेल तेव्हा दोघांच्या मध्ये उभं राहायचं, आधी लहान पोराला बाजूला घ्यायचं आणि नंतर त्याच्याशी बोलायचं, हात न लावता.