‘हवालदिल’ कोण म्हणालं?

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

सरावासाठी लिहिलेलं पान पाठवलंस आणि त्याखाली सगळा गोंधळ ओतलास. पत्रकारिता शिकायला आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) दिल्ली, अमरावती की पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट? इंग्रजी कच्चं आहे, त्याचं काय? चालू घडामोडी किती महिन्यांच्या? क्लास लावू का? त्याचं बघू नंतर. आधी ते पान.

पहिलंच वाक्य: ‘कांद्याचे भाव कोसळल्याने शेतकरी हवालदिल झाला आहे.’ कोण म्हणालं? कुठला शेतकरी? त्याने किती क्विंटल आणला होता, भाव काय पुकारला गेला, मागच्या खेपेला काय मिळाला होता? तू निफाड तालुक्यातली. लासलगावला एसटीने जाऊन जेवायला घरी परत येशील. आणि कांद्यावर लिहिताना फोनवरच्या बातम्या ढवळून लिहितेस?

सकाळच्या लिलावाला जा एकदा. ट्रॅक्टरच्या रांगेतून व्यापारी हिंडतात, ट्रॉलीतला कांदा उचलून बघतात, बोली चढते, थांबते, चिठ्ठी लिहिली जाते आणि ट्रॅक्टर पुढे सरकतो. एका ट्रॉलीचा निकाल इतक्या झटपट लागतो की पहिल्या दिवशी तुला कळणारही नाही. मग भुईकाटा, मग व्यापाऱ्याचं खळं. शेवटी शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते: वजन, दर, कपात, हाती आलेली रक्कम. ती पट्टी बघायला माग. बहुतेक जण दाखवतात. बाजार समिती किमान, कमाल आणि सरासरी असे तीन दर देते. मथळ्यात बहुधा कमाल जातो, आणि पट्टी हातात घेऊन उभा असलेला माणूस सरासरीच्याही खाली असू शकतो. हे एवढं नीट लिहिलंस, तर ‘हवालदिल’ लिहायची गरजच पडत नाही.

शेवटच्या परिच्छेदात तू ‘आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ’ असंही लिहिलंयस. आम्हीही सगळे वर्षानुवर्षं तेच छापत आलो. मोजलं कुणी, हे कुणी लिहीत नाही.

आता म्हणशील, सर, परीक्षेत हे कुठे येतं? आयआयएमसीच्या बहुतेक अभ्यासक्रमांचा प्रवेश आता सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर प्रवेशाच्या सामायिक परीक्षेतून होतो. संगणकावर पर्याय निवडायचे, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं की 1 वजा. चारांतले दोन पर्याय उडवता आले तर उरलेल्यांपैकी एक बिनधास्त ठोक, हिशोब तुझ्या बाजूने आहे. परीक्षेत ठोक, बातमीत नाही.

पण पर्याय उडवता यायला वाचताना संशय लागतो, आणि तो गाइडमधून येत नाही. ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832, ‘केसरी’ 1881, ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 हे तू पाठ केलंच असशील. मग बाळशास्त्री जांभेकरांचं जन्मसाल दोन-तीन पुस्तकांत काढून बघ. कुठे 1810 मिळेल, कुठे 1812. तुझ्या गाइडने त्यातलं एक निवडलं आणि कशावरून निवडलं ते सांगितलं नाही. सनावळी पाठ करताना प्रत्येक ओळीला विचार, कोण म्हणालं. मग ती डोक्यात बसते, नुसती घोकलेली पेपरच्या आदल्या रात्री निसटते. चालू घडामोडींचंही तेच. किती महिन्यांच्या, हा प्रश्नच चुकीचा आहे. एकच बातमी एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात शेजारी ठेवून वाच. कुणाचं म्हणणं घेतलंय, कुणाचं गाळलंय, ‘सूत्रांनुसार’ कितीदा आलंय, एवढंच वहीत टिप.

इंग्रजीला बिचकू नकोस, हे मात्र दटावून सांगतो. मी बिचकलो. कायद्याचा मूळ मसुदा माझा मला वाचता येत नसे, त्यामुळे माझ्या बातमीत कायदा नेहमी कुणातरी वकिलाच्या तोंडून आला. मराठीत लिहायचं असेल तर अमरावतीचा मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे, रानडे आहे, जरूर जा. पण मराठीत लिहायचं म्हणून वाचायचंही फक्त मराठी, ही पळवाट झाली.

तुला वाटेल, या माणसाला एकच पालुपद येतं. येतं. एका आश्रमशाळेत जेवणातून विषबाधा झाली. सगळ्यांकडे रात्रीच आकडा होता, माझ्याकडेही होता, एका पुढाऱ्याने फोनवर सांगितलेला. मी रुग्णालयाचं दाखल-रजिस्टर बघेपर्यंत बातमी सोडली नाही. तोवर पान छपाईला सुटलं. रजिस्टरातला आकडा बराच कमी निघाला, पण दुसऱ्या दिवशी तो कुणाला हवा होता? संपादकांनी मला पुरवणीवर बसवलं, राशिभविष्य आणि पाककृती लावायला. माझ्यानंतर आलेले पुढे मुंबईला गेले, मी जिल्ह्यातच राहिलो. सल मनात आहे, नाही असं नाही. तरी त्या रात्री मी दुसरं काय करायला हवं होतं, हे आजवर मला कुणी सांगू शकलेलं नाही. पुरवणीतसुद्धा पाककृती पाठवणाऱ्या बाईंना फोन करून मीठ किती, ते विचारत होतो. हसायचे लोक.

जिथे मुलाखत असेल तिथे ‘पत्रकार का व्हायचंय’ विचारतील. समाजसेवा वगैरे बोलू नकोस, त्यांचे कान किटलेत. स्वतः जाऊन आणलेली एक बातमी घेऊन जा. गावातल्या पाणीयोजनेची चालेल. ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाक. 2005 च्या कायद्याने त्यांना 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. टाळाटाळ झाली तर तीही तारखेनिशी लिहून ठेव.

राहिला क्लास. घरच्यांना झेपत असेल तर लाव, माझी ना नाही. फक्त सकाळची बॅच घेऊ नकोस. लिलाव सकाळी, सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळी, आणि तहसीलला साहेब सापडले तर अकरा-साडेअकराच्या सुमारास.